गोपाळरावांचा अभिप्राय

दुर्गेश देवतळेला ऐकता येत नाही असं कळमन्याच्या बाजारात कोणी म्हटलं असतं, तर लोकांनी म्हणणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. भैयाजींच्या तिन्ही कोल्ड स्टोरेजचा कारभार दुर्गेश पाहायचा, आणि त्याची ख्यातीच तशी होती. साहेब ऐकून घेतात. मिरचीचा व्यापारी असो, पोती वाहणारा हमाल असो की गेटवर ट्रक अडकलेला ड्रायव्हर, साहेब समोर बघणार, मान हलवणार, मधूनच "अच्छा" म्हणणार, "बरोबर आहे तुमचं" म्हणणार. माणूस हलका होऊन केबिनबाहेर पडायचा. त्याचं काम व्हायचं की नाही, हा भाग वेगळा.

ही मान दुर्गेशला आईबापाकडून मिळाली नव्हती. आठ वर्षांपूर्वी पुण्याला एका तीन दिवसांच्या शिबिरात ती शिकवली गेली होती. समोरचा बोलत असताना दर अर्ध्या मिनिटाला मान हलवा, त्याचेच शेवटचे दोन शब्द त्याला परत म्हणून दाखवा, मधे तोडू नका. दुर्गेश मुळातच गुणी विद्यार्थी. त्याला हे असं साधलं की वर्षभरात मान आपली आपण हलू लागली आणि डोकं दुसऱ्या कामाला मोकळं झालं. टेबलावरचा स्क्रीन त्यानं अशा कोनात वळवून घेतला होता की तिकडे पाहिलं तरी समोरच्याला वाटावं, साहेब आपल्याकडेच बघतायत. यात त्याला लबाडी काही दिसली नाही. कामाचा उरक म्हणायचा तो याला.

भैयाजी एकाहत्तरचे झाले. मुलगा कॅनडात रमलेला, तो काही परत येऊन मिरचीच्या खकाण्यात बसणार नव्हता. भैयाजींनी ठरवलं, सगळं दुर्गेशच्या हाती सोपवायचं. पण माणूस जुन्या बाजाराचा असला तरी हौस नवी. "बाहेरच्या माणसाकडून तपासून घेऊ गा एकदा," ते म्हणाले, आणि पुण्याहून सोनिका नावाची बाई आली. मोठमोठ्या साहेबांना त्यांची स्वतःचीच ओळख करून देणं हा तिचा धंदा. तिची पद्धत साधी होती. दुर्गेशबरोबर काम केलेल्या बारा माणसांच्या मोबाइलवर एक फॉर्म जाणार. त्यांनी पाचपैकी गुण द्यायचे आणि शेवटच्या चौकटीत साहेबांबद्दल मनातलं काही लिहायचं. कोणी काय लिहिलं ते कोणालाच कळणार नाही. दुर्गेशनंही स्वतःला गुण द्यायचे. मग दोन्ही शेजारी ठेवून बघायचं.

सोनिकानं बारा नावं आणि नंबर मागितले तेव्हा दुर्गेश रायपूरच्या व्यापाऱ्याशी फोनवर होता. त्यानं मान हलवली आणि कॉम्प्युटरमधली 'दिवाळी डबा' नावाची यादी तिला पाठवून दिली. दर दिवाळीला आपल्या खास बारा माणसांना तो स्वतःच्या हातानं काजूकतलीचा डबा द्यायचा, त्यांची ही यादी. गेल्या दिवाळीची. उघडून पाहायचे कष्ट त्यानं घेतले नाहीत.

दोन आठवड्यांनी, भाद्रपदातल्या एका चिकचिकीत दुपारी, वर्धा रोडवरच्या हॉटेलात सोनिकानं त्याच्यासमोर अहवाल ठेवला. बाराच्या बारा उत्तरं आली होती. ती खूश होती.

"असं फार क्वचित होतं, सर. निदान दोघं-तिघं तरी भरतच नाहीत. आणि हे बघा, 'ऐकून घेणे' यात लोकांनी तुम्हाला चार पूर्णांक सात दिलेत. तुम्ही स्वतःला फक्त तीन. तुम्ही स्वतःला कमी लेखता."

दुर्गेश कसंनुसं हसला. तीन हे त्यानं नम्रता म्हणून दिले होते. मग तिनं शेवटच्या चौकटीतले अभिप्राय वाचायला दिले. नेहमीचंच सगळं, साहेब चांगले, साहेब शांत, साहेब वेळेचे पक्के. सहावा अभिप्राय असा होता:

'मी उभाच होतो, साहेबांनी खुर्चीवर बसवलं. मी दहा मिनिटं बोललो. मधात एकदाबी तोडलं नाही. शेवटी हो म्हणाले. मोठ्या माणसापाशी गरिबासाठी एवढा वेळ नसते.'

दुर्गेशनं ते एकदा वाचलं, पुन्हा वाचलं.

मशीनरूमची माणसं त्याच्या खुर्चीवर बसत नसत. कपड्यांना तेल असायचं, म्हणून दारातच उभ्यानं बोलून जात. आठ वर्षांत एकच जण बसला होता. गोपाळराव गजभिये, थंडाव्यासाठीच्या अमोनियाच्या मशीनवरचे सगळ्यात जुने ऑपरेटर. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून खुर्चीवर अंथरला होता, कापड खराब होऊ नये म्हणून, आणि मग अगदी कडेला टेकले होते. हे दुर्गेशला लख्ख आठवत होतं.

आणि गोपाळराव मार्चमध्येच वारले होते.

"हे कोणी लिहिलं?" त्यानं विचारलं.

"नाव मलाही दिसत नाही, सर. तीच तर यातली गंमत आहे."

गाडीत बसल्यावर त्यानं मोबाइलवर ती यादी उघडली. सातवं नाव गोपाळराव. आपली चूक कळली तसा त्याला जरा धीर आला. नंबर घरातल्या कोणाकडे तरी असेल, त्यांनी भरलं असेल. भूतबीत काही नाही. एवढा उलगडा झाल्यावर खरं तर विषय संपायला हवा होता. पण तिथूनच तो सुरू झाला. कारण त्या दहा मिनिटांत गोपाळराव काय बोलले, ते दुर्गेशला आठवेना.

सुरुवात आठवत होती. "साहेब, एक गोष्ट होती." शेवटही आठवत होता. "चालते मंग, साहेब. लय बरं वाटलं." मधली दहा मिनिटं कोरी. त्या वेळी स्क्रीनवर नव्या चौथ्या कोल्ड स्टोरेजचे नकाशे होते, ते मात्र रंगांसकट आठवत होते. जिना कुठे, लोडिंगचा ओटा कुठे, सगळं. आणि स्वतःची मान हलल्याचं आठवत होतं. गोपाळराव गेल्यावर मशीनरूमसमोर शोकसभा झाली, तेव्हा मायक्रोफोन हातात घेऊन आपण काय बोललो तेही शब्दन् शब्द आठवलं. "गोपाळरावांनी सत्तावीस वर्षांत कधी काही मागितलं नाही." लोकांनी डोळे पुसले होते. त्यालाही तेव्हा गहिवरून आलं होतं, आणि ते खोटं नव्हतं.

त्या दिवसापासून दुर्गेशच्या मागे काहीतरी लागलं. दुसऱ्या दिवशी एक व्यापारी समोरच्या खुर्चीवर बसून मालाला बुरशी आल्याची तक्रार करू लागला. दुर्गेशनं ठरवून लक्ष दिलं. अर्धं मिनिट ठीक गेलं. मग व्यापाऱ्याचा आवाज विरत विरत गेला, नुसते ओठ हलत राहिले, आणि ते ओठ गोपाळरावांच्या पांढऱ्या मिशीखालचे होते. दुर्गेशनं डोळे मिटून उघडले. व्यापारी म्हणत होता, "मग काय करता, साहेब?" काय करायचं होतं ते दुर्गेशला माहीत नव्हतं.

त्यानं ती खुर्ची बाहेर ठेवायला लावली. तिच्या जागी स्टोअरमधली प्लास्टिकची आली. काही फरक पडला नाही. जो बसे त्याचा आवाज थोड्या वेळानं जाई आणि गोपाळराव बोलू लागत, संथपणे, हातवारे न करता, मधेच थांबून दुर्गेशच्या चेहऱ्याकडे बघत. काहीतरी समजावून सांगत होते ते. दुर्गेश जिवाच्या आकांतानं ऐकायचा. शब्द एकही येत नसे. कधीकधी वाटायचं, पुढे वाकलो तर ऐकू येईल, म्हणून तो वाकायचा, आणि समोरचा माणूस गडबडून मागे सरकायचा. साहेबांचं काहीतरी बिनसलंय, अशी कुजबुज सुरू झाली.

घरीही तेच. मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये जेवताना बायको, प्रीती, तिच्या आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनचं सांगत होती. मधेच थांबून तिनं विचारलं, "मी आता काय म्हणाले?" पूर्वी कधी तिनं असं विचारलं नव्हतं. त्याला सांगता आलं नाही. ती चिडली नाही. "माहीतच होतं मला," एवढंच म्हणाली आणि त्याला पोळी वाढली. तिला किती वर्षांपासून माहीत होतं, हे विचारायची त्याची हिंमत झाली नाही.

शेवटी तो मशीनरूममध्ये गेला. गोपाळरावांच्या हाताखाली शिकलेला अंकुश आता त्यांच्या जागी होता. कॉम्प्रेसरच्या घरघराटातून त्याला बाहेर बोलावून दुर्गेशनं सहज विचारल्यासारखं केलं, "गोपाळराव जायच्या आधी माझ्याशी एकदा बोलले होते. तुला काही म्हणाले होते का त्याबद्दल?"

"हाव न, साहेब." अंकुशनं हात पुसले. "लय खुश होते त्या दिवशी. म्हणे, साहेबांशी बोलणं झालं, आता टेन्शन नाही."

"काय बोलणं?"

अंकुशनं त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. "ते तं तुमालेच माहीत असन न, साहेब. आमाले काही सांगतलं नाही त्यायनं."

इकडे भैयाजींनी अहवाल वाचला होता. शनिवारी सगळ्यांना जेवायला बोलावून दुर्गेशचं नाव जाहीर करायचं ठरलं होतं. त्यांनी त्याला गादीवर शेजारी बसवून घेतलं आणि पाठीवर थाप मारली.

"हुशार तं मार्केटात ढिगानं पडले आहे गा. मले ऐकणारा माणूस पाह्यजे होता. माह्यी चूक तेच झाली आयुष्यभर, मी कोणाचं ऐकलं नाही. ते एकानं लिवलं न, दहा मिनिटं बसवून ऐकलं म्हणून, ते वाचून माह्या डोयात पाणी आलं. जो कोण असन तो, त्याले शनिवारी पहिल्या पंगतीत बसव."

दुर्गेशची मान हलली. हलल्यावर त्याला कळलं की हलली.

गुरुवारी दुपारी तो कुणाला न सांगता कामठीला गेला. ती दहा मिनिटं परत मिळाल्याशिवाय शनिवारी उभं राहणं आपल्याला जमणार नाही, हे त्याला आता स्पष्ट कळलं होतं. दुसऱ्या कशानं समोरच्या माणसांचा आवाज परत येणार नव्हता. गल्लीत हातमागांच्या जागी आलेले पॉवरलूम खटखटत होते. गोपाळरावांच्या बायकोचं, भीमाबाईंचं घर दोन खोल्यांचं, दारात लहानशा कुंडीत मोगरा. भिंतीवर तथागत, बाबासाहेब, आणि थोडं खाली नव्या चौकटीत गोपाळराव. फोटोत ते हसत नव्हते. फोटोसमोरच्या फळीवर त्यांचा मोबाइल चार्जिंगला लावलेला होता.

"जय भीम, साहेब. या, बसा."

"जय भीम." त्यानं हात जोडले. मार्चनंतर सहा महिन्यांनी आपण पहिल्यांदा इथे येतोय, हे दारातच त्याच्या ध्यानात आलं आणि त्याला लाज वाटली.

भीमाबाईंनी पाणी दिलं, चहा टाकला. त्याला विचारावं लागलंच नाही, त्यांनीच विषय काढला.

"तो फॉर्म भेटला न तुमाले? मी भरला. चुकलं तं नाही न काही? पहिल्या दिवशी मेसेज आला तं मी घाबरलीच बाप्पा. शेजारची दीक्षा कॉलेजात जाते, तिनं वाचून दाखवलं. 'गोपाळराव, दुर्गेश सर तुमच्या उत्तराची वाट पाहत आहेत.' मी म्हटलं, आता काय उत्तर देते हा माणूस. मंग दोन दिवसानं पुन्हा आला. मंग पुन्हा. म्हटलं, साहेब वाट पाहून राहिले अन् आपण गप्प बसलो तं बरं दिसत नाही. त्यायनं कोणाले असं ताटकळत ठेवलं नाही कधी. मी सांगत गेली, दीक्षा दाबत गेली. त्यायनं जसं सांगतलं होतं तसंच लिवलं, माह्या मनाचं काही नाही टाकलं."

"काकू," दुर्गेश म्हणाला. "त्या दिवशी ते माझ्याशी बोलून घरी आले, तेव्हा काय काय म्हणाले? मला त्यांच्या शब्दांत ऐकायचंय."

अर्धं खरं, अर्धं खोटं. आपल्याला काहीच आठवत नाही, हे सांगण्याइतकं धाडस अजून आलं नव्हतं. भीमाबाईंना मात्र तो प्रश्न आवडला असावा. त्या फोटोकडे बघून सांगू लागल्या, आणि दुर्गेश ऐकू लागला. त्याची मान या वेळी हलत नव्हती.

"डाक्तरनं सांगतलं होतं, रातपाळी बंद. हृदय फुगलं म्हणे, झोप पुरी पाह्यजे. चिठ्ठी लिवून दिली होती. चार दिवस ती चिठ्ठी खिशात घेऊन तुमच्या दारापर्यंत येऊन परत गेले. मागणं त्यायच्या स्वभावातच नव्हतं न. पाचव्या दिवशी मी म्हटलं, आज नाही बोलले तं मी येते साहेबांपाशी. मंग बोलले. घरी आले तं चेहराच वेगळा. म्हणे, साहेबांनी बसवून ऐकलं वं. चिठ्ठी टेबलावर ठेवली तं त्यायनं स्वतःच्या हातानं तिच्यावर पेपरवेट ठेवला. म्हणजे विसरणार नाही. चार दिवसात दिवसपाळीची ऑर्डर निघते, म्हणे."

पेपरवेट. काचेचा, आत निळा बुडबुडा असलेला. तो अजूनही टेबलावर होता. त्याच्याखालची चिठ्ठी कधी, कोणत्या कागदांबरोबर कुठे गेली, देव जाणे.

"मग?" दुर्गेशनं विचारलं.

"मंग काय, चार दिवसाचे एकवीस झाले. मी म्हणो, आठवण करून द्या. ते म्हणत, साहेबांनी ऐकलं आहे, पुन्हा पुन्हा सांगतलं तं त्यायले वाटन आपला भरवसा नाही. मी म्हणो, तवरोक सुट्टी टाका. म्हणे, साहेबांनी शब्द दिला अन् ऐन सीझनमध्ये मी घरी बसू? रोज राती डबा घेऊन जात. त्या दिवशी सकाळी ड्युटीवरून आले, चप्पल काढली अन् तिथंच बसले. तिथं." त्यांनी उंबऱ्याकडे बोट दाखवलं. दुर्गेश तिथूनच आत आला होता.

चहा उकळून गेल्याचा वास आला. भीमाबाईंनी उठून गॅस बंद केला, परत येऊन बसल्या आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "आमचं तं ठरलं होतं, साहेब. तुमी नाही म्हटलं असतं तं ते दुसऱ्या दिवसापासून काम सोडून घरीच बसणार होते. माह्या भावाचं दुकान आहे, तिथं बसले असते गल्ल्यावर. पण तुमी हो म्हणाले, म्हणून राहिले. आता नशिबाले काय म्हणावं. तुमी तुमच्या बाजूनं केलंच."

दुर्गेशला वाटलं, ही बाई आपल्याला छळतेय. मग त्यानं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे छळ नव्हता. त्यांना त्याच्याबद्दल मनापासून आदर होता, आणि तोच आता त्याला सोसवेना. शिव्या दिल्या असत्या तर त्यानं मान खाली घालून घेतल्या असत्या, थोडं बरंही वाटलं असतं.

"एकच इचारते," भीमाबाई म्हणाल्या. "मनात लय दिवसापासून होतं, पण कोणाले इचारू? ऑर्डर निघाली होती न, साहेब? ऑफिसात कोणाच्या टेबलावर अडकली असन. तेवढं समजलं तं बरं वाटन. ते गेले तवा ऑर्डर रस्त्यात होती, असं मी सगळ्यायले सांगत असते."

हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. एक शब्द, तोही नाही, नुसती मान. भीमाबाईंना शांत झोप लागली असती. शनिवारची पंगत बसली असती, भैयाजींचे डोळे पुन्हा भरून आले असते, आणि गोपाळरावांचा तो अभिप्राय दुर्गेशच्या नावाला जन्मभर चिकटून राहिला असता. भीमाबाईंचं समाधान हिरावून घेण्याचा मला काय अधिकार, असंही त्याच्या मनात आलं, आणि हा विचार किती सोयीचा आहे ते त्याच क्षणी त्याला दिसलं. एकवीस रात्री तो माणूस याच 'हो'च्या भरवशावर डबा घेऊन निघाला होता.

"नाही, काकू," तो म्हणाला. "ऑर्डर निघाली नव्हती. कुठे अडकलीही नव्हती. मी ती काढलीच नाही."

भीमाबाई जरा पुढे सरकल्या.

"मी त्यांचं ऐकलंच नव्हतं. ते बोलत होते तेव्हा मी कॉम्प्युटरवर दुसरंच काही बघत होतो. मान हलवायची मला सवय आहे. हो म्हणायचीही. ते काय सांगून गेले, ते मला आज तुमच्याकडून कळलं. पहिल्यांदा."

एवढं बोलून तो थांबला. माफी मागायचे शब्द तोंडाशी आले होते, पण ते फार गुळगुळीत होते, त्याच शिबिरात शिकवल्यासारखे. ते त्यानं गिळले. बाहेर पॉवरलूम चालू होते. भीमाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत, त्याला घराबाहेरही काढलं नाही. त्यांची नजर फोटोवर गेली, तिथून फळीवरच्या मोबाइलवर, तिथून पुन्हा दुर्गेशवर. काहीतरी जुळवून बघत होत्या, आणि ते जुळत नव्हतं. नवऱ्याचा त्या दिवशीचा चेहरा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

मग त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"मंग त्या दिवशी ते कोणाशी बोलून आले होते, साहेब?"